आवाज नेमका मारला कुणी?

इंदूरच्या रामबागेत राहणारी एक वाचक लिहिते: वय २८, शिक्षण बी.कॉम. गेली चार वर्षं एका कोचिंग संस्थेच्या स्टुडिओत शिक्षकांची लेक्चरं रेकॉर्ड करून साफ करण्याचं काम, पगार ३२ हजार. रात्री घरी हेडफोनवर मित्रमंडळींच्या लघुपटांचा साउंड करते. तीन महिन्यांपूर्वी असा एक १८ मिनिटांचा लघुपट एका सभागृहात दाखवला गेला. संगीत छान वाजलं, बाजाराचा गलका छान वाजला, डायलॉग मात्र ‘विहिरीतून आल्यासारखे’. दिवे लागल्यावर दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाला, ‘साउंडनं मारलं.’ आता मुंबईतल्या एका पोस्ट स्टुडिओकडून (चित्रीकरणानंतरचं आवाजाचं काम करणाऱ्या) असिस्टंटची ऑफर आहे, महिना १८ हजार, उत्तर महिनाअखेरीपर्यंत द्यायचं आहे. वडील निवृत्त. ते म्हणतात, मुंबई नको, सहा लाखांची एफडी मोडू, इथंच स्टुडिओ टाक. तिचे प्रश्न तीन: माझे कानच कच्चे आहेत का? एफडी मोडावी का? आणि इंदुरात राहून साउंड डिझायनर होता येतं का?

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: ‘हॉलवाल्यानं लॅपटॉपला एक काळी केबल लावली आणि मागच्या मिक्सरमध्ये एका चॅनेलला खोचली.’ एक केबल, एक चॅनेल. कानांबद्दल बोलण्याआधी या केबलबद्दल बोलू.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून जी छोटी पिन निघते तिच्यात तीन भाग असतात. टोकावर डावा चॅनेल, मधल्या कड्यावर उजवा आणि खाली ग्राउंड. सभागृहातल्या मिक्सरच्या माइक किंवा लाइन इनपुटलाही तीनच टोकं असतात, पण त्यांचा अर्थ वेगळा. ते बॅलन्स्ड इनपुट असतं: एका टोकावर सिग्नल, दुसऱ्यावर तोच सिग्नल उलटा. मिक्सर पहिल्यातून दुसरा वजा करतो, त्यामुळे वाटेत शिरलेली गुणगुण निघून जाते. छोट्या पिनेपासून थेट एका एक्सएलआरला (माइकच्या गोल, तीन टोकांच्या जोडणीला) किंवा एका मोठ्या तीन-कड्यांच्या पिनेला जोडलेली तयार केबल बाजारात सर्रास मिळते. ती लावली की मिक्सर तुमच्या डाव्यातून उजवा वजा करतो. डायलॉग तुम्ही मध्यभागी ठेवलेले असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे. सारख्यातून सारखं गेलं की उरतं जवळजवळ शून्य. संगीत, बाजार, पाऊस हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं असतं म्हणून ते टिकतं. डायलॉगवर स्टिरिओ रिव्हर्ब टाकला असेल तर त्याचा घुमाराही टिकतो. मूळ आवाज गेला आणि घुमारा उरला, हीच तुमची विहीर.

ही शंका आहे, निकाल नव्हे. पण तपासायला दहा मिनिटं पुरतात. लघुपटाचा शेवटचा स्टिरिओ मिक्स (सगळे आवाज एकत्र केलेली अंतिम फाइल) सॉफ्टवेअरमध्ये घ्या, फक्त उजव्या चॅनेलची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाटेचा चढ उतार होईल आणि उतार चढ, मग दोन्ही मिळून मोनो, म्हणजे एकच चॅनेल, करा. जे ऐकू येईल ते त्या संध्याकाळच्या सभागृहासारखं वाटलं, तर मिक्स मेला नव्हता, केबलनं मारला होता. तसं निघालं तर मूळ फाइल आणि ही उलटी फाइल, दोन्ही दिग्दर्शकाला ऐकवा. ‘माझी चूक नव्हती’ हे सांगायला नको. पुढच्या खेपेला तो स्वतःच केबल विचारेल, एवढं झालं तरी खूप.

उपाय स्वस्त आहे. एका टोकाला छोटी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन स्वतंत्र मोठ्या मोनो पिना, अशी वाय केबल बॅगेत ठेवा. दोन पिना दोन चॅनेलना, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. हॉलवाला म्हणाला एकच चॅनेल रिकामा आहे, तर घरूनच मोनो केलेली फाइल सोबत न्या, डाव्या पिनेवरून तीच द्या. आणि खेळाच्या तासभर आधी पोचून सर्वांत हळू बोललेला डायलॉग वाजवा, शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका. शीर्षकगीत वाजवून ‘ओके आहे’ म्हणायची पद्धत आहे, तिच्यात काहीच कळत नाही.

चाचणीत डायलॉग शाबूत राहिले तर मात्र मिक्सकडे वळावं लागेल. हेडफोनवर मिक्स करणाऱ्यांची चूक ठरलेली असते. हेडफोनमध्ये डावं-उजवं एकमेकांत मिसळत नाही, खोली मध्ये येत नाही, म्हणून बाजाराच्या गलक्यातूनही डायलॉग सुटा ऐकू येतो. सिमेंटच्या भिंतींच्या सभागृहात तोच गलका दोन-दोन सेकंद रेंगाळतो आणि व्यंजनं गिळतो. माणसाचं बोलणं समजतं ते मुख्यतः एक ते चार किलोहर्ट्झमधल्या व्यंजनांवर, आणि संगीतातली सनई, व्हायोलिन, झांजा नेमक्या तिथेच बसतात. तेव्हा बोलण्याखालचं संगीत सरसकट कमी करू नका. त्याच पट्ट्यात तीनेक डीबी खड्डा करा. अँबियन्सचा, म्हणजे दृश्यामागच्या परिसराच्या आवाजाचा, तळ १०० ते १५० हर्ट्झखाली कापा, कारण सभागृहात सर्वांत जास्त तोच घुमतो. शेवटी आवाजाचं बटण हळूहळू खाली आणत जा. सगळं विरत जाताना अखेरपर्यंत डायलॉग उरला पाहिजे. आधी संगीत उरलं तर मिक्स उलटा झाला आहे.

आता सहा लाख. वडिलांचा हेतू लाखमोलाचा आहे, यादी मात्र पटत नाही. तुम्ही लिहिलेल्या यादीत आठ इंची मॉनिटर (मिक्सिंगचे स्पीकर), महागडा इंटरफेस (माइक-स्पीकर संगणकाला जोडणारी पेटी), प्लगइनचे (सॉफ्टवेअरच्या जोड-साधनांचे) तीन संच आणि काचेचा बूथ आहे. खोलीसाठी? ‘अंड्यांचे ट्रे किंवा फोम’. यादी डोक्यावर उभी आहे.

तुमची खोली १० बाय १२ फूट. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकून बसतो, दहा फुटांमध्ये ५६ हर्ट्झचा. खोलीत एका जागी हे सूर दुप्पट वाटतात, दुसऱ्या जागी गायब होतात. आठ इंची मॉनिटर आणलेत तर त्या ढमढमीला खतपाणी घातल्यासारखं होईल. पाच इंची पुरेत. अंड्यांचे ट्रे आणि एक इंची फोम फक्त वरचे सूर खातात. चमक जाते, ढमढम तशीच राहते आणि खोली उशीखाली दाबल्यासारखी वाटते. त्या खोलीत बसून तुम्ही डायलॉगला गरजेपेक्षा जास्त तिखट कराल, आणि बाहेर तो कानाला टोचेल.

पॅनेल सुताराकडून करून घ्या. लाकडी चौकट दोन बाय चार फूट, आत चार इंच जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), वर साधं विरळ सुती कापड. फुंकर मारली तर कापडातून आरपार गेली पाहिजे, रेक्झिन लावलंत तर सगळं फुकट. रॉकवूल हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या, नाहीतर दोन दिवस खाजत बसाल. सुरुवातीला सहा पॅनेल: दोन समोरच्या कोपऱ्यांत तिरपी, दोन बाजूच्या भिंतींवर, एक डोक्यावर, एक पाठीमागे. बाजूची जागा शोधायला कुणाला तरी भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथं पॅनेल. भिंत आणि पॅनेल यांच्यात चार इंच मोकळे सोडलेत तर तेच पॅनेल आणखी खालच्या सुरांपर्यंत पोचतं. तरी ४७ हर्ट्झ त्याच्यानं थांबणार नाही, तेवढ्या तळासाठी हेडफोनवर पडताळा घ्या. टेबल लहान भिंतीला, तोंड लांबीच्या दिशेनं, कान समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तळ तिथंच नाहीसा होतो. आणि हो, रॉकवूलनं शेजारच्या काकूंचा मिक्सर बंद होत नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. ते वेगळं काम आहे, आणि भाड्याच्या घरात करू नये.

मग स्पीकरची पातळी बांधून घ्या. उणे २० डीबीचा पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सगळ्या सुरांचा खरखराट) एका वेळी एका स्पीकरमधून वाजवा, बसल्या जागी मोजा. सिनेमाच्या मिक्स थिएटरात ही पातळी ८५ डीबी असते. तुमच्या खोलीत ७६च्या आसपास ठेवा. मोबाइलवरचं मोजणारं अ‍ॅप सी-वेटिंगवर आणि स्लोवर ठेवलंत तर कामापुरतं चालतं. बटणावर चिकटपट्टीची खूण करा आणि मिक्स करताना ती हलवू नका. आज थकून आवाज वाढवला, उद्या ताजेपणी कमी केला, असं झालं की प्रत्येक सीनची पातळी वेगळी निघते.

सॉफ्टवेअरला एफडी लागत नाही. रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे, डाविंची रिझॉल्व्ह या संपादन सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती फेअरलाइट या आवाजाच्या भागासकट येते. मुंबईत जायचं असेल तर प्रो टूल्स या सॉफ्टवेअरवर हात बसलेला हवा, कारण तिथली सेशनं (कामाच्या फाइली) त्यातच फिरतात. त्याची मोफत आवृत्ती आठ ऑडिओ ट्रॅकची आहे. काम होणार नाही, पण शॉर्टकट बोटांत बसतील. सहा लाखांतले लाखभर खोली, पाच इंची मॉनिटर आणि केबलींवर घाला. उरलेली एफडी कशाला लागेल ते पुढे येतंच.

पत्रात कोचिंगच्या कामाला तुम्ही ‘बोअर’ म्हणता, आणि लघुपटांच्या कामाला ‘खरं काम’. मला ही विभागणी मान्य नाही. साउंड डिझाइन म्हणजे स्फोट, हूश आणि भुताच्या किंचाळ्या, असा समज ट्रेलर पाहून होतो. प्रत्यक्षात सिनेमाच्या साउंडमधला सर्वांत मोठा, सर्वांत चिवट भाग म्हणजे डायलॉग एडिट. बोलण्याचे कट, श्वास, मागची गुणगुण, दोन टेकमधला सांधा. चार वर्षं तुम्ही दुसरं काय करत आहात? विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची १००, १५०वरची पिल्लं अरुंद नॉचनं (फक्त तेवढ्याच सुरावरच्या खड्ड्यानं) काढायची, सगळा तळ कापून शिक्षकाचा आवाज पातळ करायचा नाही, हे तुमच्या हाताला आता सवयीचं झालं असणार. मुंबईत नव्या असिस्टंटकडे नेमकं हेच नसतं. तेव्हा कान कच्चे नाहीत.

शिकायचं राहिलं आहे ते लोकेशनचं. वर्गात माइक एक, खोली एक. सेटवर बूम (दांड्यावरचा माइक) असतो, प्रत्येक नटाला लेपल (कपड्याला लावलेला छोटा माइक) असतो. दोन्ही एकदम उघडे ठेवले तर बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. एक मीटरच्या फरकानं आवाज जवळपास ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि १७० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो, मग वर चढत एकापाठोपाठ एक. म्हणून ओळीगणिक एकच माइक निवडा, शक्यतो बूम. लेपलकडे तेव्हाच जा जेव्हा बूममध्ये रहदारी शिरली असेल किंवा शॉट इतका लांबचा असेल की बूम नाइलाजानं दूर राहिला असेल.

नॉइज रिडक्शन सहा डीबीवर थांबवा. लागलं तर दुसऱ्यांदा आणखी हलकं. एका फटक्यात वीस काढले की नट पाण्याखालून बोलतो. पंख्याची घरघर काढून टाकण्यापेक्षा ती सगळीकडे सारखी करणं जास्त सोपं आणि जास्त खरं. त्यासाठी रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचं रेकॉर्डिंग, हवा: प्रत्येक लोकेशनवर, त्याच माइकनं, त्याच जागी, सगळे निश्चल उभे असताना किमान ३० सेकंद, जमल्यास ६०. युनिट वैतागतं, चहा आलेला असतो, तरी घ्याच. नंतर तो तुकडा कटांच्या फटींत भरायचा. दोन टेकचा सांधा शांततेत लपत नाही. पुढच्या शब्दाच्या पहिल्या व्यंजनाला अगदी खेटून सांधलात तर ‘क’, ‘ट’, ‘प’ तो झाकून घेतात. एखाद्या शब्दावर रिक्षाचा हॉर्न बसला असेल तर डबिंगची घाई नको. आधी न वापरलेले टेक धुंडाळा. नट तेच वाक्य दुसऱ्या टेकमध्ये बहुतेक वेळा त्याच लयीत बोललेला असतो, आणि एक अक्षर उचलून आणता येतं.

फोलीबद्दल, म्हणजे चित्र पाहून पावलं-कपडे-वस्तूंचे आवाज नव्यानं रेकॉर्ड करण्याबद्दल, तुम्ही विचारलं आहे म्हणून थोडकं. पाऊल, कपडा आणि हातातली वस्तू हे तीन वेगवेगळे ट्रॅक असतात, एकत्र रेकॉर्ड करू नका. जमिनीचे चार तुकडे जमवा: कोटा, टाइल, सागवानी फळी आणि दोन बाय दोन फुटांच्या ट्रेमध्ये वाळू. माइक तोंडाशी न धरता तीन-साडेतीन फुटांवर ठेवा, म्हणजे पाऊल चित्राच्या आत राहतं. सुती साडी आणि सिंथेटिक साडी यांची सळसळ वेगळी असते. चित्रात महेश्वरी असेल आणि आवाज नायलॉनचा, तर इंदूरच्या कुठल्याही आजी ते पकडतील. मे महिन्यात पंखा बंद करून हे काम करायचं म्हणजे रात्री एक ते चार, दुसरा इलाज नाही.

आता ‘इंदुरात राहून होता येतं का’. प्रश्न असा विचारला की उत्तर हो किंवा नाही एवढंच निघतं, आणि दोन्ही अर्धवट. तुकडे करून बघा. डायलॉग एडिट, फोली एडिट, अँबियन्स लावणं हे इंदुरातून होतं. एएएफ फाइल (एडिटरकडून येणारी, कटांसकट आवाजाची फाइल) येते, तुम्ही काम करून परत पाठवता. मोठ्या थिएटरातला अखेरचा ५.१ (चहूबाजूंच्या स्पीकरांचा) मिक्स, नटांची डबिंग सेशनं, आणि रात्री अकराला ‘अमुक माणूस आजारी पडला, उद्या कोण येईल?’ या प्रश्नाला मिळणारी कामं, यांना मुंबईत असावं लागतं. लोकेशन साउंड तिसरीकडेच आहे. महेश्वर, चंदेरी, भोपाळ इथं चित्रीकरणं होतात आणि युनिटला स्थानिक हात लागतात. बूम धरायला हिंदी, माळवी समजणारं माणूस मिळालं तर त्यांना हवंच असतं.

इंदूरचा एक फायदा तुम्ही हिशेबात धरलेलाच नाही. मुंबईत शांत अँबियन्स मिळत नाही. तुमच्याकडे पहाटे पाचला पोह्यांच्या कढईखाली पेटणारी शेगडी आहे, सराफ्यातली रात्री अकराची गर्दी आहे, खजराण्याच्या घंटा आहेत, पावसाळ्यात पत्र्यावर, पानांवर आणि कौलांवर पडणारं तीन तऱ्हेचं पाणी आहे. पावणेपाच मिनिटांचं सलग, हॉर्नविरहित रेकॉर्डिंग हे नाणं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डीबीच्या आसपास, माइकला केसाळ वाऱ्याचं कव्हर. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला जागा, वेळ, माइक तोंडानं बोला, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. आवाज पुढे खाली ओढून राक्षसी करायचा असेल तर ९६ किलोहर्ट्झवर घ्या. फाइलींची नावं यूसीएस या ठरलेल्या वर्गवारीच्या पद्धतीनं द्या, म्हणजे दुसऱ्या स्टुडिओच्या शोधातही त्या सापडतात. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) मोहात पाडतील, पण मागे डीजेवर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर ते रेकॉर्डिंग विकता येत नाही, गाण्याचे हक्क दुसऱ्याचे. ढोल-ताशाचा तुकडा वेगळा पकडा. कानात प्लग घाला: ८५ डीबीला आठ तास चालतात, प्रत्येक तीन डीबीला वेळ निम्मी होते, आणि ढोलापुढे ते गणित काही मिनिटांवर येतं. कान कच्चे नाहीत म्हणालो, पण ते एकदाच मिळतात.

मुंबईकडे वळू. वडील ‘मुंबई नको’ म्हणतात त्याचा अर्थ तुम्ही ‘साउंड नको’ असा घेतला आहे असं पत्रावरून वाटतं. जो माणूस स्वतःची एफडी पुढे करतो त्याला साउंडचं वावडं नाही. मुलगी रात्री दोनला अंधेरीहून घरी कशी येणार, हे त्यांना दिसत नाही, आणि खरं तर तुम्हालाही अजून माहीत नाही. तो प्रश्न स्टुडिओला विचारा, लेखी. शिफ्ट किती ते किती? रात्री साडेदहानंतर घरी सोडायची गाडी मिळते का? पगार कोणत्या तारखेला? नेमणूकपत्र देता का? श्रेयनामावलीत नाव येतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं: डायलॉग एडिटरच्या शेजारी बसायला मिळेल का, की फाइली चढवणं-उतरवणं आणि क्यू शीट (कोणता आवाज कुठं येतो त्याचा तक्ता) भरणं एवढंच? पहिले तीन महिने क्यू शीट भरणं वाईट नाही, सगळा चित्रपट त्यातून दिसतो. बारा महिने तेच असेल तर जाऊ नका. उत्तरं टाळणाऱ्या स्टुडिओनं खरं तर उत्तर दिलेलंच असतं.

माझं मत विचाराल तर जा, पण एका वर्षासाठी आणि ठरवून. खोली तिघींत वाटून घेतलीत तरी १८ हजारांत महिना दहा ते पंधरा हजार कमी पडतील, वर्षाचे फार तर एक लाख ऐंशी हजार. एफडी त्यासाठी वापरा, तीही एकदम न मोडता. छोट्या छोट्या एफडींमध्ये विभागून घ्या म्हणजे लागेल तेवढीच सुटेल. काचेच्या बूथपेक्षा या पैशांतून जास्त मिळेल. वर्षात एक गोष्ट पदरात पडली पाहिजे: एखाद्या चित्रपटाचा एक पूर्ण रील, डायलॉग, फोली, अँबियन्स, इफेक्ट सगळे वेगळे, एम अँड ई भरलेला, मुदतीत, कुणी मागे उभं न राहता. एम अँड ई म्हणजे डायलॉग वजा केल्यावर उरलेला सगळा आवाज, दुसऱ्या भाषेत डब करायला लागतो. लोकेशनचा डायलॉग काढला की त्याच्याबरोबर गेलेली पावलं, पेल्याचा ठोका, दाराची कडी सगळं परत भरावं लागतं. ते ज्याला जमलं त्याला इंदुरात बसून मराठी, गुजराती, हिंदीची कामं मिळू शकतात. मॉनिटर आणि पॅनेल वर्ष संपल्यावर घ्या, रिकाम्या खोलीत धूळ खात पडतील.

कोर्सचं म्हणाल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला बारावीला भौतिकशास्त्र लागतं. कॉमर्सवाल्यांची गाडी तिथं अडते. माहितीपत्रक एकदा स्वतः बघून घ्या. संस्थेचे अल्पमुदतीचे कोर्स वेगळे असतात.

मधल्या काळात येणाऱ्या लघुपटांसाठी दोन-तीन सवयी. काम घेण्याआधी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, विचारा. २५वर संपादित झालेला चित्रपट कुणी थिएटरसाठी २४वर ताणला तर तुमचे १८ मिनिटांचे पावणेएकोणीस होतात आणि सूर खाली उतरतो. पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा एक किलोहर्ट्झचा पिप ठेवा, सिंक सरकलं की तिथंच कळतं. पिक्चर लॉक झाल्याचं, म्हणजे आता कट बदलणार नाहीत हे, मेसेजवर का होईना, लेखी घ्या. एडिटरनं तिसऱ्या मिनिटाला बारा फ्रेम कापल्या की पुढची पंधरा मिनिटं सरकतात, आणि ‘थोडंसंच तर आहे’ हे वाक्य तुमची रात्र खातं. लॉकनंतरच्या बदलाचे पैसे वेगळे, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, निम्मे पैसे आधी. मित्रांनाही हेच सांगा, मित्रांना तर जरूर सांगा. आणि लाउडनेस कुठं जाणार त्यावर ठरतो: यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (ऐकू येणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) मोठा आवाज खाली आणतं, युरोपच्या टीव्हीचा मापदंड उणे २३ आहे, नेटफ्लिक्स डायलॉगवर मोजून उणे २७ मागतं. एकच फाइल सगळीकडे पाठवू नका.

महिनाअखेरीपर्यंत तुमच्याकडे फारसे दिवस नाहीत, म्हणून क्रम सांगतो. आज रात्री पोलॅरिटीची चाचणी. उद्या स्टुडिओला प्रश्नांचा मेल. त्यासोबत दोन मिनिटांचा डायलॉग एडिटचा नमुना जोडा: आधीचं, नंतरचं आणि उघडं सेशन, ट्रॅकना नीट नावं दिलेलं. त्या लघुपटातला बाजाराचा सीन निवडा, अवघड आहे म्हणूनच. कोचिंगमधली लेक्चरं पाठवू नका, ती संस्थेची आहेत. मेलचं उत्तर आलं की ते वडिलांना वाचायला द्या, तोंडी सांगू नका. रात्री घरी सोडणाऱ्या गाडीची ओळ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली बरी.